मागेल त्याला ॲडमिन

(आमच्या वाचनालयाच्या सचिवांना अनावृत पत्र)

माननीय सचिवसाहेब,



सरकारने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना काढली, तेव्हा निदान सात-बारा तरी मागितला जात होता. वाचनालयाच्या वेबसाइटवर आपण राबवलेल्या ‘मागेल त्याला ॲडमिन’ योजनेत तेवढीही अट नव्हती. अर्ज नको, ठराव नको, एक फोन पुरे. काहींना तर न मागताच लाभ मिळाला.

परवा मी युजर्सचं पान उघडून पाहिलं. एकोणीस खाती आहेत आणि त्यांतली सतरा ॲडमिनिस्ट्रेटरची. दोन माजी अध्यक्ष आहेत. निबंधस्पर्धेचे परीक्षक आहेत. व्याख्यानमालेचा फ्लेक्स छापणारे गृहस्थ आहेत. ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’ या गुणावर नेमलेला आणि पुढे पुण्याला निघून गेलेला आपला भाचा आहे. ‘टेस्ट२’ नावाचे एक सद्गृहस्थही आहेत, त्यांना आजवर कुणी पाहिलेलं नाही. सब्स्क्रायबर फक्त दोघे. त्यांतल्या एक आपल्या ग्रंथपाल बाई. वेबसाइटवर काही काम करणारी एकमेव व्यक्ती त्या आणि त्यांना स्वतःचं प्रोफाइल बदलण्यापलीकडे काही करता येत नाही. बाई मजकूर कागदावर लिहून देतात आणि सतरांपैकी ज्याला वेळ असेल तो चढवतो. बाईंनी कधी फोन केला नाही, म्हणून योजनेतून सुटल्या.

एरवी आपला हात इतका सैल नाही, हे सारं गाव जाणतं. संदर्भ विभागातल्या काचेच्या कपाटाची किल्ली आपल्या खिशातून शिपायाच्या हाती जात नाही. विश्वकोशाचा एखादा खंड चाळायचा तर रजिस्टरात सही, वेळ आणि कारण. बँकेत तिघांपैकी दोघांच्या सह्यांशिवाय चेक वटत नाही. मागच्या महिन्यात खराट्याच्या व्हाउचरवर आपण ‘जुना खराटा जमा केला का?’ असा शेरा मारलात. खराट्याला जी दक्षता मिळाली, ती वेबसाइटला मिळाली नाही.

हे झालं कसं, याचा मी थोडा शोध घेतला. आपली वेबसाइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसमध्ये भूमिकांची उतरंड आहे. सब्स्क्रायबर फक्त वाचतो. कंट्रिब्युटर लेख लिहितो, पण प्रसिद्ध करू शकत नाही आणि त्याला फोटोही चढवता येत नाही. ऑथर स्वतःचं लिखाण फोटोसह प्रसिद्ध करतो. एडिटर सगळ्यांच्या लेखांत हात घालू शकतो, पण थीम, प्लगइन आणि इतरांची खाती यांना त्याचा हात पोचत नाही. हे सगळं ॲडमिनिस्ट्रेटरच्या हाती. पूर्वी या पायऱ्यांना शून्य ते दहा असे नुसते आकडे होते. २००५ च्या अखेरीस दुसऱ्या आवृत्तीत त्यांना नावं मिळाली. नावं दिली की माणसांना कळेल, असा बनवणाऱ्यांचा समज असावा.

परीक्षकांना कंट्रिब्युटर केलं होतं आणि ते बरोबर होतं. मग एका परीक्षकबाईंचा आपल्याला फोन आला की ‘फोटो चढत नाही हो.’ एक पायरी वर, ऑथर केलं असतं तर काम झालं असतं. पण त्यासाठी ती यादी वाचावी लागते. आपण यादी उघडली, सगळ्यांत भारदस्त दिसणारं नाव निवडलं आणि फोटो चढला! तेव्हापासून फोटो न चढण्यापासून पासवर्ड विसरण्यापर्यंत सर्व दुखण्यांवर आपण हेच औषध देत आला आहात.

आता मुख्य विषयाकडे येतो. वसंत व्याख्यानमालेचे जुने वृत्तांत गेले, त्याबद्दल.

ते सगळे निवृत्त लिपिकांच्या खात्यावर होते, कारण टाइप त्यांनी केले होते. आपल्या सतरांपैकी एका उत्साही तरुणाने साफसफाई काढली. ‘हे काका आता येत नाहीत’ म्हणून त्यांचं खातं पुसायला घेतलं. त्या वेळी पडदा एक प्रश्न विचारतो, तो मी मुद्दाम परत पाहून आलो: या युजरच्या मजकुराचं काय करायचं? खाली दोन गोल असतात. एक म्हणतो, सगळा मजकूर काढून टाका. दुसरा म्हणतो, सगळा मजकूर अमक्याच्या नावावर करा. शेजारी नावं निवडायची पट्टी. पोराने पहिला निवडला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला स्पर्धेचा निकाल चढवायला बोलावलं होतं. हा प्रश्न त्याच्यासमोर यायलाच नको होता.

लेख कचरापेटीत तीस दिवस पडून असतात. फोटोंना तीही सवलत नाही, ते तत्काळ जातात. एका दिवंगत वक्त्यांच्या कन्येने वडिलांच्या भाषणाचा वृत्तांत कुठे दिसत नाही म्हणून फोन केला, तोवर महिना कधीच उलटला होता. बॅकअप? बॅकअपचं प्लगइन दुसऱ्या एका ॲडमिनने ‘साइट हळू चालते’ म्हणून आधीच काढलं होतं.

पुढच्या सभेत ‘हे कुणी केलं?’ असं आपण टेबलावर हात आपटून विचारलंत. तो पोरगा स्वतः उभा राहिला म्हणून कळलं. एरवी कळण्याची सोय आपण ठेवलेली नाही, कारण निम्मे लोक ‘ॲडमिन’ याच नावाने आत शिरतात आणि त्याचा पासवर्ड सूचनाफलकामागे चिकटवलेला आहे. एखाद्या बातमीचा इतिहास उघडला तर कधी कुणी काय बदललं ते नावानिशी दिसतं. आमच्याकडे सगळं एकाच ‘ॲडमिन’ने केलेलं आहे. इतका कामसू सभासद वाचनालयाच्या इतिहासात झाला नाही.

माजी पदाधिकाऱ्यांची खाती बंद करू या, असं मी सुचवलं तेव्हा ‘त्यांना वाईट वाटेल’ असं आपण म्हणालात. नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्विटरच्या ग्राहकसेवेतल्या एका कर्मचाऱ्याने नोकरीच्या शेवटच्या दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षांचं, म्हणजे डोनाल्ड ट्रम्प यांचं खातं बंद केलं. अकरा मिनिटं ते बंद होतं. तिथे निदान शेवटचा दिवस तरी चालू होता. आमच्या दोन्ही माजी अध्यक्षांचा शेवटचा दिवस होऊन कैक वर्षं झाली, एकाने तर समोरच्या गल्लीत दुसरं वाचनालय काढलं. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर त्यांना परवापरवापर्यंत बसल्या जागी दिसत होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अशी माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्या शिलकीत तेवढे बसतील का, खजिनदारांना विचारून ठेवावं.

ज्याला जेवढं काम, तेवढाच अधिकार, हे जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली लिहून ठेवलं. आपल्याला हे नवं नाही. कपाटाच्या किल्लीपुरतं आपण ते कधीपासून पाळता आहात. फक्त वेबसाइटवर कुणाला ‘नाही’ म्हणायचं तर आधी ‘तुम्हाला नक्की काय करायचं आहे?’ असं विचारावं लागतं आणि उत्तर ऐकून घ्यावं लागतं. ॲडमिन करून टाकलं की फोन लगेच ठेवता येतो. लोक याला आपला मनाचा मोठेपणा म्हणतात. मी हे फोन ठेवणं आपल्या शेजारी बसून पाहिलं आहे.

असो. कळवण्याचं कारण, काल रात्री मी थोडी फेरवाटणी केली. ग्रंथपाल बाई आता ॲडमिनिस्ट्रेटर आहेत. परीक्षक ऑथर झाले, त्यांचे फोटो चढतील. माजी अध्यक्ष, भाचा, फ्लेक्सवाले आणि ‘टेस्ट२’ यांना निरोप दिला. त्यांचा मजकूर दुसरा गोल निवडून बाईंच्या नावावर केला. आपल्याला सब्स्क्रायबर केलं आहे. आत गेल्यावर डावीकडे ‘प्रोफाइल’ दिसेल, तिथे आपलं नाव हवं तसं लिहिता येईल.

यासाठी मला ठराव लागला नाही, सही लागली नाही, कुणाला विचारावंही लागलं नाही. मलाही आपणच ॲडमिन केलं होतं. मी तेव्हा फक्त एका बातमीतली वेलांटी दुरुस्त करायला मागितली होती.

आपला,
कार्यकारिणीतला एक सदस्य