फळी ऐकेना

पुण्यात लॅपटॉपवर होडी बांधायला एक संध्याकाळ पुरते. नाळ जरा फुगवली, तळ गोल केला, मधोमध कंबर दिली. सॉफ्टवेअरने कशालाच हरकत घेतली नाही.

मग मालवणजवळच्या मामाच्या गावी मरीन प्लाय नेला आणि मापाने कापून वाकवायला बसलो. प्लाय एका दिशेने खुशाल वाकतो. त्याच वेळी दुसरीकडूनही वाकवू गेलात, की अडतो. नारळाला वर्तमानपत्र गुंडाळून पाहा, सुरकुती पडणारच. संगणकातल्या या वळणांचं गणित १९६०च्या आसपास सिट्रोएन आणि रेनो या फ्रेंच मोटार कारखान्यांत आकाराला आलं. तिथे पत्रा दाबायला भलेथोरले प्रेस होते. माझ्याकडे गुडघा. मामीने विचारलं, "तेल लावून देऊ?" फळीला की गुडघ्याला, ते विचारायचं राहिलं.

शेवटी मामाने गावातल्या होडीवाल्या मिस्त्रींना बोलावलं. ते नजरेने होड्या बांधतात, कागदाचा संबंध नाही. "कंपुटर आयकता तुमचो," ते म्हणाले, "फळी खय आयकता?"

मग पडवीभर खऱ्या मापाचं लॉफ्टिंग, म्हणजे होडीच्या रेघांची जमिनीवर आखणी. मापांवर खिळे ठोकायचे, त्यांना टेकवून लवचीक लाकडी पट्टी वाकवायची आणि तिच्या कडेने रेघ मारायची. खिळा भलत्या जागी असेल तर पट्टी तिथे कुबड काढते. पट्टी मी पुस्तकात बघून वाकवत होतो; मिस्त्री एक डोळा मिटून कडेने बघत आणि पायाच्या अंगठ्याने नको तो खिळा दाखवत. बारा फुटी होडीचं सेंटीमीटरभर कुबड लॅपटॉपच्या पडद्यावर मिलिमीटरही भरत नाही. माझ्या लाडक्या कमरेतले बहुतेक खिळे उपटले गेले. जेवायला मात्र सगळे मागच्या दाराने.

सुधारलेली मापं पुन्हा सॉफ्टवेअरला दिली. फळ्या उलगडून सपाट आकार काढण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. तुकडे चपखल बसले. होडी किती बुडेल तेही त्याने सांगितलं, समुद्राचं पाणी घनमीटरला १०२५ किलो धरून. त्यासाठी खलाशाचं वजन हवं होतं. मी लग्नाच्या वेळचं दिलं.

त्या हिशोबाने पाणरेषा लाल रंगवली. होडी खाडीत लोटली, मी बसलो, आणि लाल रंग दिसेनासा झाला.

मिस्त्रींनी वाकून पाहिलं. "नकशो बरोबर हा," ते म्हणाले. "वजन कोणाचां घातलांत?"