गुटख्या, तू राहतोस कायद्यांच्या फटीत
(खुले पत्र)

गुटख्या,

महाराष्ट्रात तुझ्यावर बंदी आली ती जुलै 2012 मध्ये. तेव्हापासून ती दरवर्षी नव्याने घातली जाते आणि दरवर्षी तू टपरीवर हजर असतोस. हे पत्र लिहितोय ते तू सुधारावंस म्हणून नाही. सुधारणं तुझ्या रक्तात नाही. तू आजवर कोणाच्या जिवावर तगलास ते चारचौघांत उघडं पडावं, एवढ्यासाठी लिहितोय.

आधी तुझी करणी. सरकारी दंत रुग्णालयातल्या ओपीडीत पंचविशीतला पोरगा खुर्चीत बसलेला असतो. डॉक्टर त्याला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगतात. धडधाकट माणसाची तीनही सहज जातात. याचं एक बोट जेमतेम शिरतं. गालाची आतली बाजू पांढरीफटक, हात लावला तर ताठ पट्टे लागतात. तिखटाचा कण लागला तरी आग होते. भाकरी दुधात कुस्करून, चमच्याने आत सरकवावी लागते. सुपारीने एकदा असं आखडलेलं तोंड पुन्हा पहिल्यासारखं होत नाही आणि यांतल्या काहींना पुढे कर्करोग गाठतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वीस वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. तुझ्या पुडीत तर दोन्ही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले आणि तंबाखू खाणारे-चघळणारे 24.4 टक्के. आमच्या राज्याचं दुखणं तोंडात आहे, आणि त्यात तुझा हात मोठा आहे.

एवढं सगळं ठाऊक असताना तू सुटतोस कसा? आरोग्याचं धोरण एका टेबलावर ठरत नाही, हे तुझ्या मालकांनी आमच्याआधी ओळखलं. राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे, अन्नातली भेसळ केंद्र आणि राज्य दोघांकडे, आणि तंबाखू उद्योगाचं नियंत्रण संसदेने 2003 च्या कायद्याने केंद्राकडे घेतलेलं. कायदा विधिमंडळाने करायचा, अंमल प्रशासनाने करायचा, अर्थ न्यायालयाने लावायचा. ही वाटणी आमच्या रक्षणासाठी केलेली आहे. तू मात्र वाटणीच्या रेषेवरच बिऱ्हाड थाटलंस.

2002 आठव. महाराष्ट्राने भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली ऑगस्टपासून तुझ्यावर पाच वर्षांची बंदी घातली. तुझे मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. माणसांची तोंडं बंद करून वर व्यवसाय स्वातंत्र्याच्या गप्पा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. 2004 मध्ये बंदी रद्द झाली, कारण असा अधिकार राज्याच्या अन्न अधिकाऱ्याला नव्हता, केंद्राला होता. न्यायालयावर माझा राग नाही. त्यांनी कायद्यात होतं ते वाचलं. राग दिल्लीवर आहे: अधिकार हातात असूनही तो तिने वापरला नाही. त्या काळात ज्यांची जबडे काढण्याची ऑपरेशनं झाली, त्यांच्या आजारपणात या ढिलाईचाही वाटा आहे.

मग फासे फिरले. संसदेने 2006 मध्ये अन्न सुरक्षा कायदा केला. डिसेंबर 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुझी प्लास्टिकची पुडी बंद करायला सांगितली, त्यावर केंद्राने नियम काढले. तू कागदी पुडीत शिरलास. 2011 मध्ये अन्न प्राधिकरणाने नियम केला, की कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालता येणार नाही. एका ओळीच्या या नियमाने तुझी गचांडी धरली. एप्रिल 2012 मध्ये मध्य प्रदेशाने त्याच्या आधारे बंदी घातली, जुलैत महाराष्ट्राने. तू पुन्हा कोर्टात धावलास, मी अन्न नाहीच, तंबाखू आहे म्हणालास. मुंबई उच्च न्यायालयाने तुला स्थगिती दिली नाही. संसद, प्राधिकरण, राज्य आणि न्यायालय एका दिशेने ओढायला लागले की काय होतं, ते तेव्हा तू पाहिलंस.

आणि लगेच नवी फट शोधलीस. टपरीवर आता दोन पुड्या मिळतात. एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू. गिऱ्हाईक दातांनी दोन्ही फोडतं, एकीतलं दुसरीत ओततं, चिमटीत धरून हलवतं आणि तोंडात टाकतं. पाच सेकंदांत तू पुन्हा जन्माला येतोस आणि तुला बनवणारा कारखानदार कागदोपत्री निर्दोष राहतो. महाराष्ट्राने बंदीत पानमसाला आणि सुगंधी तंबाखूही घेतली, विदर्भातला खर्रा आणि मावाही घेतला. तरी माल शेजारच्या राज्यांतून रातोरात ट्रकने उतरतो. पकडला जातो तो ड्रायव्हर, नाहीतर टपरीवाला. मालकाचं नाव पंचनाम्यात येत नाही. टीव्हीवर मात्र त्याच नावाची वेलची दिमाखात विकली जाते.

त्यात केंद्राची तिजोरी. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा तुला सर्वांत वरच्या 28 टक्क्यांच्या टप्प्यात बसवलं, वर उपकर लावला. एक खातं तुला बेकायदा ठरवतं आणि दुसरं तुझ्या कराचा दर ठरवतं. तुझ्यामुळे कर्करोग झालेल्या गरिबाचं बिल मग महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून भरलं जातं, म्हणजे आमच्याच पैशातून. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हे.

तुझा सगळ्यात मोठा आधार मात्र वेगळाच आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या ज्या कलमाखाली महाराष्ट्राचा बंदी आदेश निघतो, ते अन्न सुरक्षा आयुक्तांना जास्तीत जास्त एक वर्षाची बंदी घालू देतं. म्हणून दर जुलैला नवा आदेश. तात्पुरत्या संकटासाठी दिलेला अधिकार आम्ही वर्षानुवर्षं ताणत आलोय. जानेवारी 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूची बंदी नेमक्या याच मुद्द्यावर रद्द केली: असे लागोपाठ आदेश काढून कायमची बंदी करता येत नाही. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली म्हणून निभावलं. आमचं धोरण एका स्थगितीच्या आधारावर उभं आहे, हे तुझ्या वकिलांना पाठ आहे. आमच्या आमदारांना ठाऊक आहे का?

गोव्याच्या विधानसभेने 2005 मध्येच आपल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून तुझ्यावर बंदी घातली. म्हणजे वाट आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने स्वतःचा कायदा करावा: मुदत नसलेला, दोन पुड्यांची चलाखी नावानिशी गुन्हा ठरवणारा, आणि ड्रायव्हरच्या मागे उभ्या असलेल्या मालकापर्यंत पोचणारा. संसदेने पानमसाला आणि वेलचीच्या आडून होणारी जाहिरात बंद करावी. गृह खातं आणि अन्न व औषध प्रशासन यांनी गुन्हा कोणी नोंदवायचा यावरून एकमेकांकडे बोट दाखवणं थांबवावं.

तोवर तू माजून घे. पण तुझी ताकद तुझ्या पुडीत नाही, आमच्या अर्धवट कामात आहे, हे आता लोकांना कळू लागलंय. पुढच्या अधिवेशनात तुझ्यासाठी वर्षाचा आदेश नको, पक्का कायदा हवा, हे माझ्या आमदाराला मी लेखी कळवतोय. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या आमदाराला तेच कळवावं.

तुझा उघड वैरी,
महाराष्ट्राचा एक मतदार