माळ्यावरच्या बाईचं काय?

चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, कुठल्याही लग्नाच्या मांडवात बसा. पंगत उठायच्या आत कुणीतरी म्हणतंच, पोरींच्या अपेक्षा लई वाढल्या. शेती करणाऱ्या पोरांची लग्नं जुळेनात, हे खरं आहे आणि त्या घरांचं दुःख लहान नाही. पण सोयाबीनचा भाव पोरींनी पाडलेला नाही. उभा जन्म ज्या घरात काढायचा, त्या घराबद्दल चार प्रश्न विचारले एवढाच त्यांचा गुन्हा.

त्याच मांडवातली एखादी पोरगी बी. ए.ला इंग्रजी घेते, शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ वाचते, आणि तिच्या मार्कांचा बापाला अभिमान असतो. 1847 सालची ही कादंबरी. अनाथ, दिसायला साधी, परक्याच्या घरी मुलीला शिकवून पोट भरणारी जेन मालकाच्या, रॉचेस्टरच्या, प्रेमात पडते. लग्नाच्या दिवशीच त्याची पहिली बायको जिवंत असल्याचं उघड होतं. तो विनवतो, तरी जेन रात्रीतून घर सोडते. परत येते तेव्हा काकाच्या वारशाचे स्वतःचे पैसे तिच्या हाती असतात. प्रेम करीन, पण माझी किंमत कमी करून नाही, हे इतक्या ठामपणे सांगणारी नायिका आजही पोरींना बळ देते. द्यावंच.

मात्र त्या कादंबरीत आणखी एक बाई आहे. बर्था, पहिली बायको. जमैकातून लग्न करून आणलेली, वेडी ठरवून वरच्या मजल्यावर कोंडलेली. तिच्या तोंडी लेखिकेने एकही वाक्य दिलेलं नाही. तिची सगळी हकीकत नवरा सांगतो आणि आपण ती मान्य करतो. शेवटी ती आगीत मरते, तेव्हा कुठे जेनच्या लग्नाची वाट मोकळी होते.

त्या माळ्यावरच्या बाईची बाजू कोण मांडणार? तसलं काम आमच्या बुलडाण्याच्या एका बाईने 1882 साली केलं होतं.

ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे बुलडाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. त्यांनी मुलीला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपलं नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात ती शिक्षा कमी झाली, पण ‘पुणेवैभव’ पत्राने या निमित्ताने एकूण स्त्रीजातीवरच तोंडसुख घेतलं. विधवेला पुन्हा लग्न नाही आणि मूल झालं तर तोंड दाखवायला जागा नाही. तिला या अवस्थेत आणणारा पुरुष मात्र खटल्यात कुठेच नाही. हे वाचून ताराबाईंनी लेखणी उचलली. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापली गेली. प्रती 500, किंमत नऊ आणे.

या निबंधातली एक जागा मला फार मोलाची वाटते. त्या काळी लोकप्रिय असलेल्या ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्या आणि ‘मनोरमा’ नाटक यांची नावं घेऊन ताराबाई लेखकांना जाब विचारतात. बाईच्या अंगी नाही नाही ते दुर्गुण चिकटवणारे तुम्ही, तुमचं स्वतःचं वागणं कधी तपासलंत का? मराठी कादंबरी तेव्हा पुरती पंचवीस-तीस वर्षांचीही नव्हती. तिच्या नायिकांची अशी झडती घेणारी वाचक वऱ्हाडात बसली होती. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात हे पहिल्या पानावर असायला हवं.

सावित्री नवऱ्यासाठी यमापर्यंत गेली. बायकोसाठी यमाच्या दारी गेलेला एक तरी नवरा ऐकलाय का, असं त्या विचारतात. बायको मेली की दुसरी लगेच आणता, मग नवरा मेल्यावर तिनेच का विद्रूप व्हायचं? जेन मालकाला ठणकावते ते एकट्या आपल्यासाठी. ताराबाईंचं भांडण कधीही न भेटलेल्या, वर्तमानपत्रात नाव छापून बदनाम केलेल्या एका परक्या बाईसाठी होतं.

आणि हे सगळं स्वतःच्या नावाने! शार्लटने ‘जेन एअर’ करर बेल या टोपणनावाखाली छापली. आपल्याकडे ताराबाईंनंतर पन्नास वर्षांनी, 1933 साली, मालतीबाई बेडेकरांचं ‘कळ्यांचे निश्वास’ आलं तेही विभावरी शिरूरकर या नावाआडून, आणि पुढच्या वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरीही तशीच. तिची नायिका, नवऱ्यापासून वेगळी झालेली अचला, दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते, त्याच्यापासून मूल हवं म्हणते, तेव्हा हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदाही नव्हता. मुंबई प्रांतात तो 1947 साली आला, देशभर 1955 साली. मालतीबाई बेडेकरांना नाव झाकावं लागलं, त्यात त्यांचा कमीपणा नाही. त्या काळच्या वाचकांनी जो गदारोळ केला, तो पाहिला की 1882 सालच्या त्या सहीचं धाडस कळतं.

जोतीराव फुल्यांनी 1885च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. तरी ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. निबंध विस्मरणात गेला तो थेट 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. 1994 साली रोझालिंड ओहॅनलन यांनी तो इंग्रजीत नेला. परदेशातल्या विद्यापीठात जी बाई अभ्यासाला लागते, तिचं नाव बुलडाण्याच्या एसटी स्टँडवर दहा जणांना विचारा.

बारा जानेवारीला सिंदखेड राजाला आपण जिजाऊंपुढे डोकं टेकवतो. त्याच जिल्ह्यातल्या प्रत्येक वाचनालयात ‘स्त्रीपुरुषतुलना’ असलीच पाहिजे, आणि तीही कपाटात कुलूपबंद नको. एका बैठकीत संपणारा निबंध आहे. पोरीला ‘जेन एअर’ देणाऱ्या बापाने हा पोराच्या हाती द्यावा, आणि मुलगी पाहायला जायच्या आधी द्यावा. ताराबाईंनी सगळे प्रश्न पुरुषांनाच विचारलेले आहेत.