चिरैयावाले दद्दा

झाशीत 'दद्दा' म्हणवून घेणं सोपं नाही. हॉकीचे ध्यानचंद दद्दा झाले, चिरगावचे मैथिलीशरण गुप्त दद्दा झाले, आणि तिसरे आमचे नाना. पहिल्या दोघांनी काय केलं ते जगजाहीर आहे. नानांनी छतावर बजरी, म्हणजे बजरीगर पोपट, पाळल्या. गल्लीतली पोरं त्यांना 'चिरैयावाले दद्दा' म्हणतात आणि नानांना त्यात काही जास्त झालं असं वाटत नाही.

घराणं जुनं. मराठ्यांचे सुभेदार नारोशंकर १७४२ मध्ये झाशीला आले तेव्हा त्यांच्याबरोबर आपला एक पूर्वज दप्तर सांभाळायला आला, असं नाना सांगतात. स्वतः नाना रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झाले. म्हणजे पावणेतीनशे वर्षांच्या वर या घरात कुणाच्या ना कुणाच्या काखेत वही आहेच. निवृत्तीनंतर वहीत लिहायला काही उरेना, तेव्हा नानांनी पक्षी आणले. लोकांना वाटतं, नाना पक्ष्यांसाठी वही ठेवतात. मला विचाराल तर त्यांनी वहीसाठी पक्षी ठेवलेत.

वहीत प्रत्येक जोडीला एक पान. नराचा नंबर, मादीचा नंबर, दोघांचे आईबाप, दोन्हीकडचे आजी-आजोबा. मग पहिलं अंडं कधी, एकूण किती, भरली किती, फुटली किती. बजरी दिवसाआड एक अंडं घालते, चार-सहा घालते आणि अठरा दिवसांनी पहिलं फुटतं. सतराव्या रात्री नाना झोपत नाहीत. स्वतःच्या मुलाच्या वेळी ते ड्यूटीवर होते आणि सकाळी घरी येऊन आधी आंघोळीला गेले, ही गोष्ट नानांच्या पत्नी, आमच्या काकू, दर सतराव्या रात्री सांगतात.

नानांची बोटं जाडजूड, हाताला जन्मभराची शाई. पण सहाव्या-सातव्या दिवशी घरट्याच्या मटकीत हात घालून ते अंडं बाहेर काढतात तेव्हा बघावं. अंडं पांढरं, अंगठ्याच्या पेराएवढं. नाना ते मोबाइलच्या टॉर्चवर धरतात. आत तांबड्या बारीक शिरा पसरलेल्या दिसतात आणि त्यांच्या मध्यावर एक ठिपका लुकलुकत असतो. नाना श्वास रोखून म्हणतात, "भरलंय." शिरा दिसल्या नाहीत तर काहीच बोलत नाहीत, अंडं तसंच परत ठेवतात आणि वहीत एक फुली मारतात. त्या दिवशी त्यांच्याशी वीजबिलाचा विषय काढू नये.

जोड्या लावण्याच्या बाबतीत नाना फार कडक. भावंडांची जोडी नाही, चुलत-मावस भावंडांचीही नाही. रक्त जवळ आलं की अंडी रिकामी जातात, पिल्लं किरटी निघतात. बजरीला गोत्र नसतं, ते नानांनी दिलं. "ए-चौदाचा निळा आणि सी-तीनची पांढरी? छे छे, दोघांची पणजी एक आहे!" नवीन रक्त हवं म्हणून नाना ग्वाल्हेरला जाऊन एक नर घेऊन आले होते. तो आणल्यावर महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवला. आजार आलाय का बघायला, असं ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "मी ग्वाल्हेरहून आले तेव्हा माझी अशी विचारपूस कुणी केली नव्हती."

नानांच्या इतिहासात दोनच महत्त्वाच्या तारखा आहेत. १८४० साली जॉन गूल्ड नावाच्या पक्षितज्ज्ञानं ऑस्ट्रेलियातून जिवंत बजरी इंग्लंडला नेल्या आणि १८४२ साली मनूताई, म्हणजे पुढच्या राणी लक्ष्मीबाई, लग्न होऊन झाशीला आल्या. दुसऱ्या घटनेचा पुरावा म्हणून, ते लग्न जिथे लागलं ते महाराष्ट्र गणेश मंदिर गावात उभं आहे. पहिलीचा पुरावा आपल्या छतावर आहे, असं नानांचं म्हणणं. रानातली बजरी हिरवीच, डोकं पिवळं, अंगावर काळ्या रेघा. निळ्या, पांढऱ्या, राखाडी सगळ्या माणसानं निवडून निवडून जोड्या लावल्या म्हणून टिकल्या. हे सांगताना नानांचा आवाज असा होतो, जणू त्या माणसांत आपणही होतो.

या निळ्या-हिरव्यावरूनच एकदा घरात वादळ झालं. निळ्या नराची आणि निळ्या मादीची जोडी होती. हिरव्या आईबापांच्या पोटी निळं पिल्लू येऊ शकतं, कारण हिरव्यात निळा लपून राहतो. निळ्यात हिरवा लपत नाही. निळ्या-निळ्याला हिरवं पिल्लू होणं नाही म्हणजे नाही. आणि पंधराव्या दिवशी, पिसांची टोकं फुटायला लागली तेव्हा, चार पिल्लांतलं तिसरं लख्ख हिरवं निघालं.

नाना दोन दिवस जेवले नाहीत असं म्हणणार नाही, पण वरण पुन्हा मागितलं नाही. जोड्या सगळ्या एकाच मोठ्या जाळीत मोकळ्या, त्यामुळे संशयितांची संख्या बरीच. नाना खुर्ची टाकून समोर बसले आणि हिरव्या नरांची एकेकाची हजेरी घेऊ लागले. त्यातला एक जरा जास्तच गात होता. नराच्या चोचीवरची नाकाची पट्टी निळी असते, मादीची तपकिरी. त्याची पट्टी त्या दिवसांत भलतीच चकाकत होती, हाही नानांनी त्याच्याविरुद्ध पुरावा धरला. निळा बाप मात्र त्या हिरव्या पोरालाही तेवढ्याच मायेनं चारत होता. ते बघून नाना जास्तच कळवळले.

शेवटी काकू वर आल्या. "अहो, त्याला काही वाटत नाही, तिला काही वाटत नाही. तुम्ही कोण?"

"अगं, वहीत बापाच्या रकान्यात काय लिहू?"

काकू जाळीकडे बघत म्हणाल्या, "दत्तक लिहा."

नानांचा चेहरा उजळला. नोव्हेंबर १८५३ मध्ये झाशीच्या राजांनी, गंगाधररावांनी, मृत्यूच्या आदल्या दिवशी आनंदरावाला दत्तक घेतलं, त्याचं नाव दामोदरराव ठेवलं, आणि गव्हर्नर-जनरल डलहौसीनं ते दत्तक नामंजूर करून पुढच्या वर्षी झाशी खालसा केली, हे या घरात कालपरवा घडल्यासारखं बोललं जातं. नानांनी ठसठशीत अक्षरात 'दत्तक' लिहिलं, खाली सही केली आणि म्हणाले, "आता बघतो, कोण नामंजूर करतो ते!" मादीची अब्रू राहिली, निळ्याचा वंश राहिला, वही बिनचूक राहिली. त्या पिल्लाचं नाव अर्थातच दामोदर.

काकूंना खरं तर पोपट हवा होता. आपला साधा, गळ्यात लाल कंठ असलेला, विठू विठू म्हणणारा. नानांनी कायदा काढला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडचा पोपट घरात ठेवता येत नाही, मुनियाही नाही. बजरी आणि कॉकटेल जातीचे पोपट परदेशी, म्हणून चालतात. परदेशातल्याही कितीतरी पोपटांची आता सरकारदरबारी नोंद करावी लागते. बजरी आणि कॉकटेल त्या यादीतून सुटलेत हे कळलं तेव्हा नाना खट्टू झाले. एवढी वही तयार, आणि मागणारं कुणी नाही!

पोपटाऐवजी मग काकूंसाठी कॉकटेल आले. डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी टिकल्या. त्यातला नर शीळ घालायला शिकला, पण काकूंनी शिकवलेली ओवी त्यानं उचलली नाही. कुकरची शिट्टी उचलली. हुबेहूब. तेव्हापासून या घरातली डाळ कधी कच्ची असते, कधी तळाला लागलेली, कारण तीनपैकी कुकरच्या किती आणि कॉकटेलच्या किती याचा हिशेब हिशेबखात्यालाही लागत नाही. बजरीही बोलतात म्हणे. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजरीच्या नावावर १,७२८ शब्दांचा गिनेस विक्रम आहे. नानांचा सगळ्यात जुना निळा एकच शब्द बोलतो, "हट!" तो त्यानं कुणाकडून घेतला याचा शोध कुणी लावत नाही.

नाना पक्षी विकतात. म्हणजे विकतो असं सांगतात. परवा सिपरी बाजारकडचा एक दुकानदार आला. "दद्दा, एक जोड़ी लव बर्ड दै दो, मोड़ी रो रई है."

बजरीला लव्हबर्ड म्हटलं की गिऱ्हाइकाचे निम्मे गुण तिथेच जातात. नानांनी त्याला बसवलं. घर स्वतःचं की भाड्याचं? खोलीत पंखा कुठे आहे? पिंजरा कुठे टांगणार? ऊन कुठून येतं? मांजर? माकडं छतावर येतात का? कांगणी महिन्याला किती आणणार? समुद्रफेस माहीत आहे का? तो बिचारा घाम पुसत सगळ्याला हो म्हणत होता. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमातही नवऱ्या मुलाला इतकं विचारत नाहीत. शेवटी नानांनी विचारलं, घरात नॉनस्टिक तवा आहे? आहे, म्हणाला, बायको त्यावर डोसे करते. नाना उठले. तवा जास्त तापला की त्याच्या धुरानं पक्षी बसल्या जागी मरतो, हे त्यांनी बुंदेलीत समजावलं आणि त्याला रिकाम्या हातानं जिना उतरवला. दारात काकूंनी त्याला मुलीसाठी दोन लाडू दिले. या धंद्यातली आवकजावक ही अशी.

एप्रिल लागला की नाना मटक्या उतरवतात. झाशीचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, लू सुटते, पक्षी चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून बसतात. अशात मादी अंड्यांवर बसली तर अंड्यांआधी तीच शिजायची. घरातला एकुलता कूलर छतावरच्या खोलीत जातो, जाळीवर खसचे पडदे ओले होतात, आणि पाहुणा आला की काकू म्हणतात, "वर जा, वर गार आहे." खाली येताना पाहुण्याच्या खांद्यावर कॉकटेलची पांढरी भुकटी असते. ती झटकू नये. नानांना वाईट वाटतं.

मटक्या उतरल्या की नाना रिकामे, आणि रिकामे नाना माणसांच्या जोड्यांकडे वळतात. गावात मराठी घरं आता थोडी राहिलीत, पोरं पुण्याला नाही तर बंगळुरूला, आणि जी घरं उरलीत ती एकमेकांची आते-मामे लागतात. गणपतीत मंदिरात आरती झाली की पत्रिका या पिशवीतून त्या पिशवीत जातात. नानांचा मुलगा पुण्यात संगणकावर काहीतरी करतो आणि बरीच वर्षं लग्नाचा आहे. नानांसमोर मुलीचा फोटो ठेवला तर ते चष्मा वर करून म्हणतात, "डोळा तेजदार आहे, बसणं ताठ आहे. पण ही इथे जरा फुगून बसलीय." फुगून बसलेला पक्षी आजारी असतो. काकूंनी फोटो काढून घेतला. फोटो थंडीतला होता, ते फुगणं म्हणजे शाल होती.

ग्वाल्हेरचं एक स्थळ तर अगदी जुळत आलं होतं. मुलीच्या वडिलांनी फोनवर सहज विचारलं, "निवृत्तीनंतर वेळ कसा जातो?" नाना मोकळेपणानं म्हणाले, "सकाळी बजरी. संध्याकाळी मी वर, चार कॉकटेल, आणि मग जेवायलाच खाली येतो." त्या घरून नंतर फोन आला नाही. नानांना अजून वाटतं, पत्रिकेत मंगळ निघाला असणार.

मागच्या महिन्यात मुलाचाच फोन आला. ऑफिसातली मुलगी आहे, त्रिशूरची. मल्याळी. दोघांनी ठरवलंय. काकू धप्पदिशी पाटावर बसल्या. भाषा वेगळी, जेवण वेगळं, गणपतीला मोदक कोण करणार? कॉकटेलनं नेमकी तेव्हाच शिट्टी दिली आणि काकू रडता रडता गॅस बंद करायला धावल्या. गॅसवर काही नव्हतंच.

नाना आतून वही घेऊन आले. ग्वाल्हेरी नराचं पान उघडलं. "हे बघ. आधीच्या तीन जोड्या, अंडी निम्मी रिकामी. हा आला, पाचपैकी पाच भरली. अगं, चार पिढ्या आपण ग्वाल्हेर, सागर, इंदूर एवढ्याच पिंजऱ्यात फिरतोय. तुझी आजी आणि माझी आत्या मावसबहिणी होत्या, मी बोललो का कधी? आणि आपला एकुलता एक आहे, तो का, याचा विचार केलास? त्रिशूर म्हणजे एकदम नवं रक्त!"

काकूंनी वहीकडे पाहिलं, मग नानांच्या नाकाकडे पाहिलं, आणि डोळे पुसून विचारलं की त्या पानावर आपल्या मुलाचा नंबर काय घातलाय.

फोन अजून चालूच होता. मुलगा पलीकडून म्हणाला, "नाना, तिच्याबद्दल काही विचारायचंय? शिक्षण, घरचे, पत्रिका?"

"ते तुझं तू बघ," नाना म्हणाले. "मला एवढंच सांग, डोसे कशावर करते?"