एका गोगलगाईपायी

ऐकलंत का? चांगली शिकलीसवरली माणसं हल्ली गोगलगाई बघायला परदेशी जातात. पावसाळ्यात मोरीतून वर आली की आपण जिच्यावर मीठ टाकतो ना, तिचीच समुद्रातली भावकी. आणि ही तर बिनशंखाची! जन्मतः अंगावर इवलासा शंख असतो, तो बालपणीच टाकून देते आणि उरलेलं आयुष्य तशीच उघडी, जांभळा-शेंदरी-पोपटी रंग मिरवत फिरते. पाणबुडी मंडळी तिला लाडानं ‘न्यूडी’ म्हणतात आणि ‘आज किती न्यूडी मिळाल्या?’ असं भर जेवणाच्या टेबलावर विचारतात, शेजारी सासूबाई बसल्या असल्या तरी.

सुरुवात साधीच असते. तारकर्लीला एक डुबकी, मग अंदमान, आणि मग घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत तिकीट मनिलाचं निघालेलं असतं. या संप्रदायाची पंढरी म्हणजे फिलिपाइन्सच्या बातांगास प्रांतातलं आनिलाव. ज्यांचं तेवढ्यानं भागत नाही ते इंडोनेशियातल्या लेंबे सामुद्रधुनीत जातात. लेंबेची तऱ्हा आणखीच वेगळी. प्रवाळांचे बगीचे पाहायचे तर तिथं जाऊच नये. तिथं ज्वालामुखीची काळी वाळू, गाळ, मधूनच कुणीतरी टाकून दिलेली बाटली. आणि त्या गाळावर पालथं पडून राहायला लोक डॉलर मोजतात! मागून कासव जातं, कुणी मान वर करत नाही. इतर पर्यटक कासवासाठी नवस बोलतात हो.

सरंजाम विचारूच नका. कॅमेरा, त्याला पाणी लागू नये म्हणून पेटी (ती कित्येकदा कॅमेऱ्याहून महाग), मॅक्रो लेन्स, त्या लेन्सवर आणखी एक भिंग, दोन बाजूंना दोन फ्लॅश. हे सगळं कशासाठी, तर पाच मिलिमीटरच्या जिवासाठी. एवढ्या जवळून फोटो काढायचा तर स्पष्ट येणारा पट्टा मिलिमीटरभराचा. डोक्यावरची दोन शिंगं नीट आली की पाठीवरचा कल्ल्यांचा तुरा धूसर होतो. श्वास जरा मोठा घेतला की माणूस वर तरंगतो, पाय हलला की वाळू उडते, आणि मागे रांगेत थांबलेला दुसरा कॅमेरावाला हातवाऱ्यांनी शिव्या घालतो. रांग लागते, खोटं नाही सांगत! आणि जिच्यासाठी लागते तिला धड दिसतही नाही. उजेड-अंधार कळतो, बाकी जग ती त्या दोन शिंगांनी हुंगते.

जातीपातीचं तर बोलायलाच नको. निळ्या अंगाची, काळ्या रेघांची, नारिंगी काठाची क्रोमोडोरिस ॲनी आनिलावला सहज दिसते, म्हणून तिच्यावर कुणी फोटो वाया घालवत नाही. शोध असतो तो पिकाचूचा, म्हणजे थेकासेरा पॅसिफिकाचा, नाहीतर कार्टूनमधल्या मेंढीसारख्या तोंडाच्या कोस्टासिएलाचा. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांना बायकोच्या भाच्यांची नावं आठवत नाहीत. गोगलगाईंची लॅटिन नावं मात्र न अडखळता येतात. सुमारे तीन हजार जाती ठाऊक आहेत म्हणे. भाच्यांना काही आशा नाही.

आता तिच्या वागणुकीचं बघा. गोगलगाय अन् पोटात पाय, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. हिच्यात प्रत्येक जण नवराही आणि बायकोही. उजवी कूस उजव्या कुशीला लागली की लग्न लागलं, दोघांनी दिलं, दोघांनी घेतलं, आणि मग दोघीही अंड्यांच्या रिबिनी गुंडाळायला मोकळ्या. जपानी शास्त्रज्ञांनी २०१३ साली एका जातीचं खासगी आयुष्य चारचौघांत मांडलं: काम झालं की ही बया आपलं नराचं इंद्रिय टाकून देते आणि चोवीस तासांत नवं काढते. विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलंय, मी पदरचं सांगत नाही.

चोऱ्याही करते. काही जाती हायड्रॉइड नाहीतर समुद्रफूल खातात, पण त्यांचे डंख पचवत नाहीत. ते तसेच पाठीवरच्या बोंडांत भरून ठेवतात आणि स्वतःच्या रक्षणाला वापरतात. ती मेंढीतोंडी कोस्टासिएला तर शेवाळातली हरितलवकं पळवते आणि उन्हात बसते. (ती सख्खी न्यूडी नव्हे, चुलत शाखेतली, पण फोटो काढणारे कुठे पत्रिका बघतात?) तिच्याच भावकीतल्या एलिसियाचं प्रकरण २०२१ मध्ये उघडकीला आलं. आपलं मुंडकं आपणच धडापासून सोडवून घेते, ते मुंडकं एकटंच फिरतं, खातं-पितं आणि तीनेक आठवड्यांत हृदयासकट नवं धड वाढवतं. जिम्नोडोरिस ही आणखी एक. ती दुसऱ्या गोगलगाईंनाच खाते. अशा कुळातल्या पोरीचा फोटो लोक दिवाणखान्यात लावतात!

हे सगळं शोधतं कोण? कॅमेरेवाले नाहीत. तिथला वाटाड्या शोधतो. त्याला ठाऊक असतं की कुठली गोगलगाय कुठल्या स्पंजावर जगते, म्हणून तो गोगलगाय शोधतच नाही, तिचं जेवण शोधतो. सापडली की धातूची काडी टाकीवर टकटक वाजवतो आणि साहेब पोचतात. नाव मात्र साहेबांचं लागतं.

यातलं एक मात्र थट्टेवारी नेण्याजोगं नाही. पार्श्वभूमी नीट नाही म्हणून काही जण तिला काडीनं उचलून दुसऱ्या दगडावर ठेवतात. बहुतेक जातींचं आयुष्य वर्षभराच्या आतबाहेरचं, त्यात जेवणाच्या ताटावरून उठवायचं, तेही अंग इतकं मऊ असताना. ती चोर असेल, नरभक्षकही असेल, पण या प्रकरणात गुन्हेगार ती नव्हे.

आणि खरी गंमत सांगू? या बाईसाहेब आपल्या मुंबईतही राहतात. हाजीअली, गिरगाव, जुहू, कार्टर रोड, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांतल्या डबक्यांत. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७ पासून लोकांना तिथं नेऊन दाखवतात. लक्षद्वीपमध्ये तर दीपक आपटे यांनी भारतात आधी नोंदच नसलेल्या कितीतरी जाती टिपून २००९ साली छापल्या. मनिलाचं तिकीट लागत नाही.

तेव्हा कालनिर्णय काढा. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहाची भरती, म्हणजे बाराची ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा ओहोटीला पाणी सगळ्यात आत जातं, साधारण पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला. पाऊस सोडून कधीही जा. घट्ट पकडीच्या चपला घाला, दगड उलटे करू नका, बोट लावू नका, आणि पाणी वळलं की निमूट परत फिरा. फोटो मोबाइलवरही येतो.