सोफ्याचं अभ्यंगस्नान

होय की, खरंच धुवालेत! जुळे सोलापुरात, विजापूर रोडला, होटगी रोडच्या नव्या बिल्डिंगांत, दारं उघडी टाकून, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या देखत लोक सोफ्यांना आंघोळ घालालेत. बरं, कुठल्या गावात? जिथं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्या गावात! ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण उजनी धरणाकडं बघूनच कुणाला तरी सुचली असणार. माणसं बादलीभर पाण्यात उरकतात आणि सोफ्याला मात्र शाम्पू, ब्रश, वरून गरम वाफ.

याचं मूळ मोबाइलात. रात्री जेवणं झाली की बायका व्हिडिओ बघत बसतात. (पुरुषही बसतात, उगाच आमच्यावर ढकलू नका.) एक नळी सोफ्यावरून सरकते, मागं उजळ पट्टा उमटतो आणि यंत्राच्या पारदर्शक टाकीत काळंकुट्ट पाणी जमतं. सगळा तमाशा त्या पाण्याचा! स्वच्छ सोफा बघायला कोण येतंय? आमच्याच बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर एका घरी टाकी ओतण्याआधी शेजारणींना बोलावून दाखवली, वर चहा पाजला. घरातली घाण दाखवायला चहाचं आमंत्रण! आमच्या आजीनं हे ऐकलं असतं तर तिनं चहा न घेताच पदर खोचला असता.

पण हे खूळ सोलापूरचं नाही, लंडनचं आहे. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरच्या डोक्यात आलं, की धूळ झटकण्यापेक्षा ओढून घ्यावी. खरं-खोटं करायला त्यानं काय करावं? व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या हॉटेलात मखमली खुर्चीच्या पाठीला तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. चारचौघांत! ठसक्यानं जीव जायची वेळ आली, पण यंत्र सुचलं. घोडागाडीवरचं ते धूड रस्त्यात उभं राहायचं आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात शिरायच्या. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेतले गालिचे त्यानंच साफ केले. मग काय, बड्या घरच्या मडमा मैत्रिणींना चहाला बोलवायला लागल्या. नळीला काचेचा तुकडा बसवलेला, त्यातून आपल्याच दिवाणखान्यातली धूळ पळताना बघायची. म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्यानं जे केलं त्याला शंभरावर वर्षांची खानदानी परंपरा आहे.

आपल्याकडं हा उद्योग १९८२ साली निघालेल्या युरेका फोर्ब्सच्या टाय लावलेल्या पोरांनी दारोदार नेला. नको नको म्हणेपर्यंत पोरगा आत, मशीन गादीवर, आणि धूळ आपल्या डोळ्यांपुढं. सासूसमोर! मशीन घेतल्याशिवाय सुटका कुठली?

यंत्र परवडत नाही त्यांच्या घरी आता प्रयोगशाळा. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओततात, फस्स करून फेस येतो, बघणारे खूश. बारावी सायन्सचं पोरगं कोपऱ्यातून सांगत असतं, की दोघांनी एकमेकांना मारून टाकलं, वायू उडाला, उरलं खारट पाणी. ऐकतंय कोण? नुसता सोडा कोरडा भुरभुरून ठेवला आणि नंतर ओढून काढला तर वास जातो. पण त्यात फेस नाही ना, मग व्हिडिओ कशाचा काढणार?

डागांचं तर विचारूच नका. गड्ड्याच्या जत्रेला आलेल्या पाहुण्यांनी कडक भाकरी आणि तेल सुटलेली शेंगा चटणी सोफ्यावरच बसून खाल्ली. तेलाचा डाग आधी पावडर टाकून शोषून घ्यायचा असतो. इथं थेट पाणी. एकीनं वरणाच्या डागाला साबण चोळला, तर पिवळा डाग लालभडक झाला. घरात किंचाळ्या! अहो, ती हळद. साबणाचा क्षार लागला की लाल होतेच. फिकी होते ती उन्हानं, आणि ऊन काय सोलापूरला विकत आणायचंय?

बाहेरून आलेल्या सोफ्यांना म्हणे लेबल असतं. ‘डब्ल्यू’ असेल तर पाणी चालतं, ‘एस’ असेल तर पाण्याचा थेंब नको, ‘एक्स’ असेल तर नुसती धूळ ओढायची. आमचे सोफे कारागिरानं दारातच बसून ठोकलेले, त्यांना कसलं लेबल? ते भिजतात. मे महिन्याच्या ४३ अंशांत कापड तासाभरात खडखडीत, आतला फोम मात्र ओलाच. मग कुबट वास. मग वासाचा फवारा. मग पुन्हा व्हिडिओ.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. सोफ्याचं औषध या गावात कधीपासून विणलं जातंय! शहराच्या पूर्व भागातल्या मागांवरची जाड सुती जॅकार्ड चादर, जिला भौगोलिक मानांकन आहे. सोफ्यावर टाका, मळली की उलटी करा, तिकडूनही नक्षी आहेच. तीही बाजू मळली की धुऊन वाळत घाला. डाग टिपायला गावचाच टेरी टॉवेल, सुताच्या फासांनी पाणी पिणारा. पण चादर टाकली तर नवा मखमली सोफा दिसणार कसा? सोफा उघडा हवा, म्हणून घाण. घाण, म्हणून मशीन. आणि परवा सोफा ओला होता तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच घरात आम्हाला बसायला खाली काय अंथरलं? मयूरपंखी चादर!

आता ताजी बातमी अशी, की पुढच्या पाण्याच्या दिवशी गाद्यांचा नंबर लागणार आहे. कुणाकडं, ते मी सांगणार नाही. मात्र त्या दिवशी टाकी दुपारीच आटली, तर जिन्यानं तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन या.