पातुरात बसून समुद्रावर पाळत ठेवण्याची रीत

पातूरहून समुद्र सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरवर आहे. नवशिक्याने या गोष्टीकडे आधी साफ दुर्लक्ष करावं. दुसरं, घरात एवढ्यात काही बोलू नये. बोललात तर ओट्यावरचे काका विचारतीलच, "समुद्र पाह्यला का बे कधी?"

पाण्यातल्या सेन्सरचे आकडे रेडिओने दूरवर पाठवायच्या तंत्राचं नाव लोरा. ते फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सायक्लिओ कंपनीने काढलं आणि २०१२ साली अमेरिकेच्या सेमटेकने ती कंपनीच विकत घेतली. सावकाश, पुन्हापुन्हा ऐकू येईल अशा बेताने बोलायचं, म्हणजे क्षीण आवाजही लांब पोचतो, एवढंच याचं इंगित. गोंगाटात बुडालेला संदेशसुद्धा गेटवे, म्हणजे काठावरचं ऐकणारं यंत्र, वेचून काढतो. आपल्याकडे ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा यासाठी विनापरवाना मोकळा आहे. ताकदीची मर्यादा तेवढी पाळावी लागते. तहसिलीत खेटे घालायची हौस असेल तर दुसरा छंद शोधा.

आता यंत्र. सेन्सर, चिप, बॅटरी आणि पावणेनऊ सेंटिमीटरची तार, म्हणजेच अँटेना. हे सगळं बसवायला आईचा स्टीलचा डबा पळवू नका. डब्याचं झाकण लावलं की आतला आवाज आतच राहतो, आणि डबा गेल्याचा बाहेरचा आवाज मात्र गावभर जातो. प्लॅस्टिकचा डबा घ्या.

सगळ्यात अवघड भाग मितभाषणाचा. सर्वांत लांब पल्ल्याच्या चालीत एका संदेशात फार तर ५१ बाइट मावतात, आणि तेवढे पाठवायलाही अडीच सेकंदांहून जास्त लागतात. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. 'समुद्र शांत आहे' एवढं लिहिलं की ४१ बाइट संपले. "बाप्पा, काय लाटा होत्या म्हणून सांगू" अशी सुरुवात करणाऱ्या वऱ्हाडी माणसाचं इथे काम नाही. तापमान २७.४३ असेल तर नुसतं २७४३ पाठवा. दोन बाइटांत भागतं. बाकीच्या वेळात यंत्राने झोपावं. त्या झोपेवरच बॅटरी वर्षानुवर्षं चालते.

यानंतर मिठाची ओळख. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवलं की अरबी समुद्राच्या जवळपासचा खारटपणा येतो. या पाण्याच्या बादलीत वीतभर खोल यंत्र धरा. सिग्नल खलास! खारं पाणी वीज वाहून नेतं, म्हणून रेडिओलहर त्यात काही सेंटिमीटरांतच विरते. तेव्हा सेन्सर पाण्यात, अँटेना पाण्याच्या वर, हा बोयाचा, म्हणजे पाण्यावर तरंगत्या यंत्राचा, पहिला नियम. मीठ विकत घ्यायचं नसेल तर उत्तरेला पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात जा. तिथल्या विहिरी सेन्सरची परीक्षा फुकट घेतात. 'इथं पह्यले समुद्रच होता' असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका. तुमच्या प्रकल्पाला तेवढाच आधार.

पल्ल्याचं गणित उंचीवर चालतं. बोयावरची अँटेना पाण्यापासून एक मीटर आणि काठावरची पंचवीस मीटर असेल तर पृथ्वीच्या गोलाईमुळे साधारण पंचवीस किलोमीटरवर मामला थांबतो. शंभर मीटर उंच कडा मिळाला तर पंचेचाळीसपर्यंत जातं. म्हणून कोकणातल्या कड्यांचा हेवा वाटू द्या आणि सराव पातूरच्या घाटात करा. पोर्तुगालजवळच्या समुद्रातला लोराचा संदेश १,३३६ किलोमीटरवर कॅनरी बेटांत ऐकू आला, ही बातमी वाचून काही जण लगेच पातूर–मुंबई अंतर मोजायला बसतात. तिथे मध्ये सगळं पाणी होतं आणि हवेच्या थरांनी लहर वाकवून पुढे नेली होती. आपल्या वाटेत अख्खा सह्याद्री आडवा आहे.

बादलीत न शिकता येणारी एकच गोष्ट उरते: समुद्रात सेन्सरवर शेवाळ आणि शिंपल्या बसतात, आणि मग यंत्र समुद्राचं न सांगता स्वतःवरच्या वस्तीचं सांगू लागतं. तांब्याची जाळी लावतात, पुसणारा ब्रश लावतात, तरी अधूनमधून होडी काढून खरवडावं लागतंच. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. होडी मिळणार नाही. नेमका तेव्हाच समुद्र पाहण्यासारखा असतो.

इतकं झाल्यावर पहिला बोया कुठे सोडायचा? पातूरजवळच्या मोर्णा धरणात. इथून पाणी अकोल्यातून पूर्णेला, पूर्णेतून चांगदेवला तापीत आणि सुरतेपाशी अरबी समुद्रात जातं. वाटेत अकोल्यात मोर्णेवर जलकुंभी माजली होती. २०१८ च्या जानेवारीत हजारो लोकांनी उतरून ती उपसली. जलकुंभीच्या गालिच्याखाली पाण्यातला प्राणवायू घटतो आणि तो मोजणारा सेन्सर बाजारात मिळतो. तेव्हा एक यंत्र धरणावर, दुसरं अकोल्याच्या पुलाखाली लावा. काकांनी पुन्हा विचारलंच, तर म्हणा, "काका, समुद्रात जाणारं पानी इथूनच निंगते ना."